चालू रीडिंग

बत्तीस वर्षं मी लोकांच्या भिंतीवरचे आकडे वाचले.
शहापूर, वडगाव, अनगोळ, शेवटी कॅम्प.
घर लक्षात राहायचं ते मीटरशेजारी काय टांगलंय त्यावरून:
कुठे छत्री, कुठे वाळलेलं तोरण,
कुठे पोराचा शाळेचा पट्टा.

कॅम्पात कुतिन्होबाईंच्या मीटरवर एक वेल चढली होती.
जाड पानं, नुकतीच पुसून ठेवल्यासारखी.
आकडा दिसेना म्हणून मी ती जराशी ओढली,
तर बोटांना दूध लागलं.
"हळू ओ," बाई आतून म्हणाल्या, "होया."
मला ऐकू आलं, हो, या.
मी चपला काढून आत गेलो.

रिटायर झालो त्या आठवड्यात त्यांनी काडी दिली,
दोन पेरांची, ओल्या कागदात गुंडाळलेली.

पहिल्या वर्षी आठ पानं.
वहीत लिहिली, जुन्या सवयीनं:
तारीख, मागचं रीडिंग, चालू रीडिंग.
दुसऱ्या वर्षी एकतीस.
फूल: शून्य.

वाटलं, जागा कमी पडत असेल.
खानापूरची मोठी कुंडी आणली,
मांडीत धरून, एसटीतून.
शेणखत घातलं. निपाणीच्या मेहुण्यानं सांगितलं म्हणून
तंबाखूचं पाणीसुद्धा.
ऊन बाधेल म्हणून जिन्याखाली ठेवली.
तिथे ती वर्षभर बसून राहिली,
परक्या घरी जेवायला थांबवलेल्या पाहुण्यासारखी.

एक दोरी तेवढी निघाली, लांब, बिनपानाची,
लाइट गेल्यावर भिंतीवर स्विच शोधणारा हात असतो तशी.
मालननं ती कापली.
"धुणं अडकतंय की त्यात."

कुतिन्होबाई फोनवर रागावल्या नाहीत,
तेच जास्त लागलं.
"लहान डब्यात घाल," म्हणाल्या.
"मुळं दाटीवाटीनं बसू देत. तशीच फुलते ती.
उजेडात टांग. मग जागा हलवू नको.
पान थोडं मऊ पडलं की पाणी, आधी नाही.
ती लांब दोरी असते ना, ती तिची, तुझी नव्हे.
आणि रोज तिच्या तोंडाकडे बघू नको."

गोडेतेलाचा डबा कापला. खाली भोकं पाडली.
पुढच्या गॅलरीत टांगली, पूर्वेला,
जिथे समोरच्या मागांची खटखट
पानापानांतून थरथरत जाते.

शेजारची शिवलीला दारात बसून कांड्या भरते.
रोज मान वर करून विचारायची,
"हू बंतेन्री?"
तिचं हू म्हणजे फूल.
माझं हूं म्हणजे नुसतं हूं.
"हूं, नाही अजून," मी म्हणायचो.
तिला काय ऐकू जायचं कोण जाणे,
ती हसायची.

तिसरं वर्ष असंच गेलं. चौथ्या वर्षी,
मालनच्या पाठदुखीच्या दिवसांत,
मी वही कुठे ठेवली तेच विसरलो होतो,
तेव्हा एका आखूड देठाच्या टोकाला
मोहरीचे दाणे दिसले.
मोजले. एकोणीस.
परत मोजले. मग स्वतःचाच हात धरून आत नेला.

लाइट गेली त्या रात्री.
माग थांबले, अख्खी गल्ली एकदम बहिरी झाली,
आणि त्या शांततेत तो वास आला,
गूळ तापवताना यावा तसा, पण थंड.
बॅटरी लावून पाहिलं:
मेणाच्या चांदण्यांचा झुबका,
प्रत्येकीच्या पोटात एक लालसर थेंब.
खाली फरशीवर चिकट ठिपके.
मुंग्यांना माझ्याआधीच बातमी होती.

साडेअकराला फोन लावला.
"झोपू दे मला," कुतिन्होबाई म्हणाल्या.
थोड्या वेळानं: "फुलं गळली तरी देठ कापू नको.
पुढच्या खेपेला ती त्याच देठावर येतात."
मालननं ऐकलं. काही बोलली नाही.
उठून कात्री कपाटावर ठेवली,
तिचा हात पोचत नाही अशा ठिकाणी.

सकाळी माग सुरू झाले.
शिवलीलानं मान वर केली.
"हू बंतेन्री?"

मी म्हणालो, "हू."